आधी कंबर, मग मान

अमेरिकन फुटबॉलमध्ये लांब पासवर कॉर्नरबॅक, म्हणजे पास झेलणाऱ्या रिसीव्हरवर पहारा देणारा बचावपटू, चकला की प्रेक्षक, समालोचक आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक एकच ओरडतात, ‘अरे, मागे वळून चेंडू बघ!’ थोड्या वेळाने दुसरा निवाडा येतो, ‘पोरगा वेगात कमी पडतो.’ ही मते इतकी रुळली आहेत की कित्येक प्रशिक्षक सरावही त्यांवरच बेततात. माझ्या मते दोन्ही चूक आहेत आणि त्यांच्यापायी चांगले खेळाडू वाया जातात.

वेगाचे आधी पाहू. एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या निवडचाचणीत 40 यार्डांची धाव मोजतात. ती सरळ रेषेतली, समोर ना प्रतिस्पर्धी ना हवेत चेंडू. कॉर्नरबॅकची खरी धाव बहुधा उलट्या पावलांनी सुरू होते. कुठे जायचे ते रिसीव्हरला ठाऊक असते. याला मात्र मागे सरकत त्याच्या कमरेवरून ते ओळखावे लागते. वेगाचे मोल मी नाकारत नाही. डॅरेल ग्रीन वॉशिंग्टनकडून 20 हंगाम खेळला, त्यात त्याच्या पायांचा वाटा मोठा होता. पण सिएटलच्या रिचर्ड शर्मनची 40 यार्डांची वेळ साडेचार सेकंदांच्या वर होती. नवे खेळाडू निवडण्याच्या 2011 च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीपर्यंत त्याला कोणी घेतले नाही. तरी 2013 च्या हंगामात 8 इंटरसेप्शनसह (प्रतिस्पर्ध्याचे मधेच पकडलेले पास) तो साऱ्या लीगमध्ये पहिला होता.

आता चेंडू बघण्याच्या सल्ल्याचे. प्रसंग 12 जानेवारी 2013 चा, डेन्व्हरचा. सामना संपायला अर्धे मिनिट उरले होते आणि डेन्व्हर 35-28 असे पुढे होते. बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, जो फ्लॅको याने चेंडू उंच, लांब फेकला. डेन्व्हरचा राहीम मूर हा सेफ्टी, म्हणजे कॉर्नरबॅकच्याही मागचा पहारेकरी. चेंडू त्याला दिसत होता, पण त्याचा अंदाज चुकला, उडी फसली, चेंडू डोक्यावरून गेला आणि जेकोबी जोन्सने 70 यार्डांचा टचडाउन केला. पुढे जादा वेळेत बाल्टिमोर जिंकले. चेंडू नुसता दिसून भागत नाही, हे याहून स्पष्ट कशाने दाखवावे?

शिवाय मान वळवण्याचीही किंमत असते. पूर्ण वेगात धावताना मान मागे गेली की खांदा उघडतो, खांद्यामागोमाग कंबर फिरते आणि पाऊल आखूड पडते. रिसीव्हर यार्डभर पुढे असताना बचावपटूने असे केले तर ते अंतर आणखी वाढते. क्रिकेटमध्ये डोक्यावरून गेलेल्या झेलामागे पळणारा क्षेत्ररक्षक चेंडूवर नजर ठेवू शकतो, कारण त्याच्या बरोबरीने झेलावर हक्क सांगणारा प्रतिस्पर्धी पळत नसतो. म्हणून ‘वळून बघ’ हा सल्ला अर्धवट आहे. केव्हा वळायचे, हे तो सांगत नाही.

उत्तर शरीराच्या जागेत आहे. कॉर्नरबॅकची कंबर रिसीव्हरच्या कमरेला लागून असेल, हात लांब न करता तो त्याला स्पर्शू शकत असेल, तरच नजर मागे न्यावी. तीही रिसीव्हरकडे किंचित झुकत, त्याला साइडलाइनकडे रेटत राहून. झुकल्यामुळे रिसीव्हरची हालचाल अंगाला कळत राहते, डोळे मोकळे होतात आणि बाहेरच्या बाजूला क्वार्टरबॅकला चेंडू टाकायला जागा उरत नाही. अंतर पडले असेल तर मात्र चेंडूचा मोह सोडावा. मान खाली, पाय जोरात, आधी रिसीव्हर गाठायचा. त्याचे डोळे मोठे झाले, हात वर गेले, की त्या हातांमधून आपला हात घालायचा.

दुसऱ्या टोकाचे प्रशिक्षक म्हणतात, मग वळूच नका, नेहमी हातच खेळा. हेही मान्य नाही. चेंडूकडे न बघता रिसीव्हरला अडवले तर पास इंटरफिअरन्स. कॉलेज फुटबॉलमध्ये त्याची शिक्षा फार तर 15 यार्ड. एनएफएलमध्ये मात्र चूक घडली तिथेच चेंडू मिळतो, म्हणजे एका शिट्टीत 40 यार्डही जाऊ शकतात. दोघेही चेंडूसाठीच झेपावत असताना लागलेला धक्का मात्र नियम माफ करतो. जवळ असूनही न वळणारा हे संरक्षण स्वतःहून सोडून देतो. 19 जानेवारी 2014 ला सिएटलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा शेवटचा पास मायकेल क्रॅबट्रीकडे आला, तेव्हा शर्मन आधीच त्याला चिकटलेला होता. म्हणूनच त्याला वळता आले, उडी घेता आली आणि डाव्या हाताने चेंडू सहकारी माल्कम स्मिथकडे टोलवता आला. सिएटल सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, गेले.

म्हणून माझा आग्रह सरावाची मांडणी बदलण्याचा आहे. आज बहुतेक वेळ सुरुवातीच्या पाच-सात पावलांवर जातो. बॅकपेडल घोटून घेतात. लांब पासचा निकाल शेवटच्या दहा यार्डांत लागतो आणि नेमका तोच भाग शिकवायचा राहतो. दोघांना धावत्या स्थितीतच सोडावे: कधी कमरेला कंबर, कधी बचावपटू दोन पावले मागे. चेंडू कधी फेकावा, कधी फेकूच नये. वळायचे की पळत राहायचे, हा निर्णय मुलाने प्रत्येक वेळी स्वतः घ्यावा; प्रशिक्षकाने ओरडून सांगू नये. वेळ नाही ही सबब मला पटत नाही. याला दोन मुले, एक चेंडू आणि साइडलाइनची एक पट्टी लागते. धडका नसल्यामुळे हा सराव भर हंगामातही रोज घेता येतो.