औषधाच्या नावापुरते गाव

प्रत्यारोपण केलेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून जी औषधे देतात, त्यांतले एक रॅपामायसिन. हे नाव रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावरून पडले. १९६४च्या अखेरीस कॅनडाचे वैद्यकीय पथक तिथे पोहोचले, तेव्हा जेमतेम हजार बेटवासी हांगा रोआ या किनाऱ्यावरच्या एकाच गावात राहत. बेट सोडायलाही त्यांना चिलीच्या नौदलाची परवानगी लागे. पथकाने त्यांचे रक्त तपासायला घेतले, बेटावरची मातीही नेली. त्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सहगल यांच्या गटाने १९७२ मध्ये माँट्रियलला हे द्रव्य वेगळे केले. पुढे संशोधन गुंडाळले गेले, तेव्हा सहगलांनी नमुना घरच्या फ्रीजरमध्ये जपला. १९९९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. नंतर हृदयाच्या स्टेंटवरही त्याचा लेप आला.

सहगलांची जिद्द खरीच. पण ही गोष्ट तिथेच संपवली जाते. कमाईतला वाटा बेटापर्यंत पोहोचला नाही. जैवविविधता करार १९९२चा, तेव्हा कायद्याने देणे लागत नसेलही. मात्र मुख्य भूमी साडेतीन हजार किलोमीटरवर असलेल्या या बेटावरून गंभीर रुग्णाला आजही विमानाने न्यावे लागते. तो खर्च तरी औषध विकणाऱ्यांनी उचलावा.