दूध नासले कुठे, ते आधी ठरवा

दूध नासले की आरोपी ठरलेला असतो. निकाल आधी लिहून तयार, साक्षीपुरावा मागाहून. संकलन केंद्रावर दूध फाटले तर शेतकऱ्याने काहीतरी मिसळले. शहरातल्या बाईच्या पातेल्यात फाटले तरी शेतकऱ्यानेच मिसळले. मधल्या कॅनला, नळीला, पंपाला, टँकरला कोणी नाव ठेवत नाही, कारण त्यांच्या नावाने पावती फाडता येत नाही आणि त्यांच्या घरचे पैसे कापता येत नाहीत.

आम्ही कोरडवाहू मुलखातली माणसे. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि तोही दहा जणांच्या दारावरून फिरून मग घरात शिरतो. ज्वारीचा कडबा आणि सरकीची ढेप खाऊन दारातली गाय नाहीतर म्हैस जे देते तो आठवड्याचा रोकडा. तेल, मीठ, पोरांच्या वह्या, दवाखाना, सगळे त्यावर. धार काढणारी, भांडी घासणारी बहुतेक घरची बाई. केंद्रावरून कॅन परत आला की तिच्या आठवड्याच्या मेहनतीवर पाणी पडते आणि वर चोरीचा शिक्का बसतो. म्हणून हा विषय आम्ही जिल्ह्याच्या बैठकीत घेत आहोत. दुधाचा भाव हा मुद्दा आहेच, त्यावर वेगळे बोलू. आज बोलायचे ते बुळबुळीविषयी.

पाण्याचा रांजण चार दिवस घासला नाही आणि आतून बोट फिरवले तर बोटाला बुळबुळ लागते. गुरांच्या हौदाला लागते, विहिरीच्या पायरीला लागते. शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म म्हणतात. ती म्हणजे जिवाणूंची वस्ती. पाण्यात किंवा दुधात मोकळे पोहणारे जिवाणू भांड्याच्या भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट लाळ सोडतात आणि त्या लाळेच्या पांघरुणाखाली वाढू लागतात. दुधाच्या भांड्यात त्यांची सोय आणखी चांगली. दूध ओतल्याबरोबर त्यातल्या प्रथिनांचा पातळ लेप धातूला बसतो आणि जिवाणूंना पाय रोवायला जागा मिळते.

एकदा वस्ती बसली की औषधाला दाद देत नाही. हे कापूसवाल्याला वेगळे समजावून सांगायला नको. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, अळी आत सुखरूप. २०१७ साली विदर्भाने हे डोळ्यांनी पाहिले. बुळबुळीच्या आतल्या जिवाणूचे तसेच आहे. मोकळा जिवाणू ज्या ब्लीचिंगच्या पाण्याने मरतो, त्याच पाण्यात थराखालचा जिवाणू जगतो. शिवाय क्लोरीनची निम्मीअधिक ताकद वरच्या घाणीवरच खर्च होते. न घासलेल्या कॅनमध्ये ब्लीचिंग टाकणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे.

आता खरा मुद्दा. ही वस्ती सगळीकडे सारखी बसत नाही. ऊब किती, ओल किती, खायला काय, पृष्ठभाग कसा आणि वेळ किती, यावर सगळे ठरते. बेलग्रेडच्या संशोधकांनी २००४ साली साल्मोनेला आणि लिस्टेरिया या दोन रोगजंतूंवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोघांना प्लास्टिकवर वाढवले, कुठे भरपूर अन्न दिले तर कुठे पातळ. लिस्टेरियाने भरपूर अन्नात जास्त थर धरला. साल्मोनेलाने मात्र उलटे केले: अन्न तुटपुंजे झाले तेव्हा तिने जास्त थर धरला. म्हणजे पोटभर मिळाले तरी कोणीतरी चिकटते आणि उपास पडला तरी कोणीतरी चिकटते. नुसते विसळलेले, तळाशी पांढुरके पाणी राहिलेले, ओलेच झाकण लावलेले भांडे म्हणजे उपाशी जंतूंची पंगत.

आपल्याकडचे हवामान घ्या. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो दिवस सोडा, साध्या उन्हाळ्यातही रात्रभर झाकलेला ओला कॅन तिशीच्या वर राहतो. त्या उबेत जिवाणू अर्ध्या तासाला दुप्पट झाले असे धरले, तर एकाचे पाच तासांत हजार होतात. धारोष्ण दुधात जंतूंना काही काळ थोपवणारी स्वतःची शक्ती असते, पण उन्हाळ्यात ती दोन-तीन तासांत सरते. त्यात बुळबुळीचा तुकडा सुटून दुधात पडला म्हणजे लाखोंचे बियाणे एकदम पेरले गेले.

पाण्याचे वेगळेच. खारपाण पट्ट्यातल्या आणि इतरही पुष्कळ गावांतल्या विहिरींचे पाणी जड. त्यातले क्षार आणि दुधाचे क्षार मिळून भांड्याच्या आत खरखरीत पांढुरका थर धरतात. हाताला तो दगडासारखा लागतो. त्या खरखरीत बुळबुळ छान लपते. नुसत्या सोड्याने तो निघत नाही, त्याला आंबट लागते. आपल्या आयाबायांनी पितळेला चिंच लावली ती काही नुसती चमक यावी म्हणून नव्हे.

नागपूरच्या नंदनवनात सकाळी दुचाकीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवलेले दूधवाले दिसतात. या वस्तीला हे नाव कोणी दिले ठाऊक नाही, पण जंतूंचे नंदनवन त्या कॅनच्या झाकणात असते. रबराच्या खाचेत, पोचे आलेल्या जागी, प्लास्टिकवर तारेच्या घासणीने पडलेल्या ओरखड्यात. तिथे ब्रश जात नाही, ऊन जात नाही, पाणी मात्र जाते.

आता कोणी म्हणेल, कूलर आले, प्रश्न मिटला. २०१६ साली विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांसाठी दुग्धविकास प्रकल्प सुरू झाला, गावाजवळ दूध थंड करण्याची सोय वाढली, हे चांगलेच झाले. पण थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची चाल मंदावते. त्यातही स्यूडोमोनास नावाची जात चार अंशांतही सावकाश वाढते आणि कूलरच्या नळ्यांत, झडपांत थर धरते. पुढे ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापवले की ती मरते; पण तिने दुधात सोडलेले पाचकरस मरत नाहीत. तेच मग पिशवीतल्या दुधाला कडवट करतात. काही जिवाणू तर बीजरूपाने पाश्चरीकरणातूनही तरून जातात आणि पुढच्या नळीत घर करतात. आता सांगा, त्या कडवटपणाची चौकशी करायला पथक कुठे पाठवणार? गोठ्यातच.

अमेरिकेतले एक उदाहरण सांगतो. कोलोरॅडो राज्यातल्या खरबुजांतून २०११ साली लिस्टेरिया पसरला. १४७ माणसे आजारी पडली, ३३ दगावली. सरकारी तपासनीसांनी शेतातले नमुने घेतले, तिथे जंतू मिळाला नाही. मिळाला तो धुण्याच्या-भरण्याच्या शेडमध्ये. यंत्र पूर्वी बटाट्यांसाठी वापरलेले, नीट साफ न होणारे. जमिनीवर पाणी साचलेले. खरबुजे थंड खोलीत नेण्याआधी त्यांची ऊब काढलेली नाही, म्हणून सालीवर दव धरलेले. खरबुजाची जाळीदार साल आणि वर ओल, आणखी काय हवे? थोडेच दिवस आधी एका खाजगी तपासणीत त्याच शेडला उत्तम गुण मिळाले होते. शेड शेतकरी भावांची स्वतःची होती, त्यांना २०१४ साली शिक्षा झाली आणि ती रास्तच म्हणावी लागेल. पण आधी जागा शोधली, मग माणूस धरला. आपल्याकडे माणूस आधीच धरलेला असतो.

आमची मागणी साधी आहे. मिथिलीन ब्लू नावाची निळ्या रंगाची परीक्षा आहे. दुधात रंगाचे थेंब टाकून नळी कोमट पाण्यात ठेवायची. जंतू जितके जास्त तितका रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध अति उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर वाईट. भारतीय मानकांत ही परीक्षा आहे, खर्च फार नाही. ती तीन ठिकाणी घ्या: शेतकऱ्याचा कॅन उघडताना, दूध कूलरमधून निघताना, टँकर रिकामा होताना. तीनही वेळा पावतीवर लिहा. ज्या टप्प्यावर तास घसरले त्या टप्प्याने नुकसान सोसावे. शेतकऱ्याच्या कॅनवर घसरले तर शेतकऱ्याने, यात आम्ही सूट मागत नाही. आणि ज्याचे दूध पाच तास टिकते त्याला लिटरमागे जास्त पैसे द्या. फॅटला भाव आहे, एसएनएफला भाव आहे, स्वच्छतेला मात्र नुसता उपदेश, हे चालणार नाही. प्रत्येक केंद्रावर कॅन धुवायला गरम पाणी मिळाले पाहिजे, ही मागणी त्यातच आली.

कॅनचे काम मात्र कोणाच्या मागणीवर अडवून ठेवू नये. दूध ओतले की लगेच गार किंवा कोमट पाण्याने विसळावा. आधीच उकळते पाणी टाकले तर दूध भिंतीला शिजून बसते. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि ब्रश, तारेची घासणी नव्हे. ॲल्युमिनियमच्या कॅनला सोडा कडक नको. त्याने खड्डे पडतात आणि खड्ड्यात पुन्हा तीच वस्ती. झाकणाचे रबर काढून वेगळे घासावे, चिरले असेल तर फेकावे. शेवटी उकळते पाणी, आणि कॅन तिवईवर पालथा, उघडा, उन्हात. ओल्या कॅनला झाकण लावू नये. गाळायचे फडके रोज उकळून वाळवावे. केलेल्या सगळ्या मेहनतीचे वाटोळे हे एकटे फडके करते.

नंदनवनच्या बैठकीला येणाऱ्या प्रत्येक तालुक्याने एक कॅनचे झाकण रबरासकट, न धुता, सोबत आणावे. दुग्धशास्त्र शिकलेल्या मंडळींना आम्ही विनंती केली आहे. मिथिलीन ब्लूच्या नळ्या सकाळी लावल्या की जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुठल्या तालुक्याचा रंग आधी उडाला ते सर्वांसमोर दिसेल.