कॉफीचा चोथा आणि मातीचं खातं

गेल्या जानेवारीत मित्राच्या गावी गेलो होतो. चिकमगळूर जिल्ह्यात, मुडिगेरेजवळ. आठ एकर अरेबिका, वर सिल्व्हर ओकची सावली, खोडांवर मिरीचे वेल. सकाळचं धुकं, हातात फिल्टर कॉफीचा पेला... पुढचं वर्णन तुम्ही दहा जणांच्या प्रवासवर्णनांत वाचलंय, म्हणून सोडून देतो. कारण थोड्या वेळाने वारा फिरला आणि आंबूस, कुजका वास आला. शोधत गेलो तर घरामागच्या उतारावर लालसर चोथ्याचा मोठा ढीग, आणि त्यातून पाझरणारं काळपट पाणी सरळ ओढ्यात.

"काका, हे काय?" मी मित्राच्या वडिलांना विचारलं.

"वेस्ट," काका म्हणाले आणि पुढे चालू लागले.

माझं भांडण आहे ते या एका शब्दाशी.

आपण पितो ती कॉफी म्हणजे फळातली बी. पिकलेली लाल फळं पल्परमध्ये घालतात, साल आणि गर बाजूला पडतो, बी आंबवून, धुऊन वाळवतात. १०० किलो फळांतून विकण्याजोगी बी निघते जेमतेम १६ ते १८ किलो. ओला चोथा निघतो ४० किलोच्या आसपास! आणि या चोथ्यात नत्र असतं, पालाश तर भरपूर असतं. ते आलं कुठून? त्याच आठ एकरांतून. झाडाने वर्षभर मुळांनी ओढून फळात साठवलं. बी विकली, ठीक आहे, शेती त्यासाठीच करतात. पण चोथाही ओढ्याला दिला की मातीच्या खात्यातून दुसऱ्यांदा पैसे काढले, आणि तेही कुणाच्याच खिशात गेले नाहीत.

मग ती तूट भरायला खताच्या गोण्या येतात. आपल्या देशाला लागणारं म्युरिएट ऑफ पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून येतं. कॅनडा, रशिया, जॉर्डन... म्हणजे सातासमुद्रापलीकडचं पालाश विकत आणायचं आणि घरचं पाण्यात सोडायचं. याला हिशोब म्हणायचं?

बरं, ओढ्याला तरी त्याचा उपयोग होतो का? छे! चोथ्यातली साखर खाताना जंतू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. आणि हा हंगाम येतो पावसाळा संपल्यावर, ओढे बारीक होत असताना.

हे सगळं मी दाजींना फोनवर ऐकवलं. त्यांचं उत्तर तयार होतं. "तुम्हा शहरातल्या लोकांना कचऱ्यात सोनं दिसतं. ढीग उलटवायला माणूस कुठून आणायचा ते सांगा." (दाजींचा सांगलीकडे ऊस आहे आणि ते पाचट जाळतात. ताई, हे त्यांना वाचून दाखव!)

पण दाजींचा मुद्दा खोटा नाही. युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. ढीग उलटवायला एक माणूस एक दिवस लावला तर मजुरी त्याहून जास्त. काका आळशी नाहीत आणि अडाणी तर मुळीच नाहीत. बाळेहोन्नूरचं कॉफी संशोधन केंद्र त्यांच्याच जिल्ह्यात, १९२५ पासूनचं. चोथ्याचं खत होतं हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक आहे. पण किमती अशा ठेवल्यात की जे बरोबर आहे ते परवडत नाही. म्हणून माझा राग काकांवर नाही, या किमतींवर आहे. गोणीला अनुदान देता येतं, तर ढीग उलटवणाऱ्याच्या मजुरीला का नाही?

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही थोडं भांडतो. कोस्टा रिकातला प्रयोग हल्ली खूप फिरतो. २०१८ मध्ये तिथे गवताने गिळलेल्या जुन्या कुरणात ३५ गुणिले ४० मीटरच्या तुकड्यावर ३० ट्रक कॉफीचा चोथा अर्धा मीटर जाडीने पसरला. दोन वर्षांत तिथल्या ८० टक्के जमिनीवर झाडांची सावली आली, शेजारच्या मोकळ्या तुकड्यावर जेमतेम २० टक्के. प्रयोग झकासच! पण तो पडीक जमिनीवर जंगल परत आणण्याचा होता. तो जाड थर आधी गवत मारतो. तेच कॉफीच्या मुळांशी कराल तर झाड गमवाल. ताज्या चोथ्यात कॅफिन असतं, टॅनिन असतं. तो शेणाबरोबर, पालापाचोळ्याबरोबर रचावा लागतो, उलटवावा लागतो, काही महिने कुजू द्यावा लागतो. आणि वर झाकण हवं, नाहीतर पावसाबरोबर पालाश वाहून जातं. "नुसतं शेतात टाका" म्हणणारे आणि "वेस्ट" म्हणणारे, दोघांनाही कष्ट टाळायचेत.

शेवटच्या दिवशी मित्र आणि मी ओढ्याकाठचा थोडा चोथा पाट्यांनी वर आणला, शेण-पाला घालून रचला, वर ताडपत्री टाकली. दुपारपर्यंत माझी कंबर गेली. काका पायरीवर बसून बघत होते. शेवटी उठून म्हणाले, "अजून शेण घाला. एवढ्याने व्हायचं नाही." त्यांना सगळं येत होतंच.

तर मंडळी, तुमच्यातले बरेच जण हल्ली कॉफी घेताना मळा कुठला, भाजणी कशी, चव चॉकलेटची की संत्र्याची, असं चौकशी करून घेतात. अजून एक प्रश्न विचारा: "चोथ्याचं काय करता?" उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. आणि उत्तर चांगलं आलं, तर त्या पुड्याचे चार पैसे जास्त द्यायला कुरकुरू नका. ती त्या ढिगाची मजुरी आहे.

दाजी, पाचटाचं भांडण दिवाळीत समोरासमोर!