गाणंच तं आहे, असं म्हणू नका!

वर्धा जिल्ह्यातल्या दुर्गा मंडळांना, गणेश मंडळांना, वरातीच्या यजमानांना, शाळांच्या संमेलन समित्यांना आणि आमच्या सगळ्या पोरांना जाहीर विनंती



डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून कोणी तक्रार केली की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं. "काही नाही होत बाप्पा, गाणंच तं आहे." हे उत्तर ऐकून आम्ही कितीतरी वर्षं घरी परतलो, खिडक्या लावल्या, पोरीबाळींना आत बोलावलं. या वर्षी परतायचं नाही असं ठरवलं, म्हणून हे पत्रक तुमच्या हातात आहे.

आमची तक्रार आवाजाची नाही. आवाजासाठी नियम आहे, रात्री दहाची वेळ आहे. तो पाळला जात नाही हे खरं, पण ते भांडण वेगळं. आम्ही बोलतो आहोत ते गाण्यातल्या शब्दांबद्दल आणि त्या गाण्याच्या व्हिडिओत बाई कशी दाखवतात त्याबद्दल.

घरी गेल्यावर एक करा. सध्या जोरात चाललेलं कोणतंही गाणं मोबाईलवर लावा आणि आवाज बंद करून फक्त चित्र पाहा. पुरुषाला चेहरा आहे, गाडी आहे, मित्र आहेत, त्याला काही हवं आहे. बाईला कंबर आहे, मांड्या आहेत, ओठ आहेत. कॅमेरा तिच्या पायांपासून वर चढतो आणि चेहऱ्यापाशी सगळ्यात शेवटी पोचतो. तिला मैत्रीण नाही, काम नाही, घर नाही. ती काही बोलत नाही. तो तिच्या मागे जातो, ती नजर वळवते. तो मित्रांना घेऊन वाट अडवतो, ती रागावते. आणि शेवटच्या कडव्याला ती हसते. भाषा हिंदी असो, पंजाबी असो, भोजपुरी असो की आपली मराठी, गोष्ट हीच. तीन-चार मिनिटांत नकाराचा होकार होतो. सातवीतला पोरगा असं गाणं एका आठवड्यात किती वेळा पाहतो ते त्याच्या मोबाईलला विचारा.

आता हिंगणघाटची आठवण काढावी लागते. ती काढताना हात थरथरतो, पण या जिल्ह्यात हा विषय तिला टाळून बोलता येत नाही. 3 फेब्रुवारी 2020 ची सकाळ. एक तरुण प्राध्यापिका कॉलेजला निघाली होती. नांदोरी चौकात, भर रस्त्यावर, तिचा पिच्छा पुरवणाऱ्या माणसानं तिच्या अंगावर पेट्रोल टाकून तिला पेटवलं. आठवडाभर ती नागपूरच्या दवाखान्यात मरणाशी झुंजली आणि 10 फेब्रुवारीला गेली. बरोबर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022 ला, न्यायालयानं त्याला जन्मठेप सुनावली. तेव्हा आपण मोर्चे काढले, बाजार बंद ठेवला. वर्तमानपत्रांनी त्या प्रकाराला 'एकतर्फी प्रेम' म्हटलं. एकतर्फी असेल ते प्रेम कसलं? पण शब्द रुळलेला आहे, कारण तो आपल्या कानावर रोज चालीत बांधून येतो.

गाण्यानं ती आग लावली असं आम्ही म्हणत नाही. आग एका माणसानं लावली, त्याचा गुन्हा त्याचाच, आणि तो दुसऱ्या कशावर ढकलून आम्हाला हलका करायचा नाही. आम्ही विचारतो ते एवढंच की 'पोरगी नाही म्हणते म्हणजे लाजते' ही समजूत आपल्या पोरांच्या डोक्यात कोण भरतं? पानठेल्यावर कोणी भरतं, घरात कोणी भरतं, आणि उरलेलं काम ठेक्यावर होतं. मुलीनं स्पष्ट नकार दिल्यावरही तिचा वारंवार पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. व्हिडिओत त्याच वागण्यावर मित्र शिट्ट्या वाजवतात.

इथपर्यंत वाचून काही सज्जन लगेच मान डोलावतील. म्हणतील, बरोबर आहे, या नाचणाऱ्या बायांनीच समाज बिघडवला. त्यांना आमचं हात जोडून सांगणं आहे की आम्ही तुमच्या बाजूचे नाही.

गौतमी पाटीलचं उदाहरण घ्या. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडची ही मुलगी, 2022 मध्ये तिच्या नाचाचे व्हिडिओ घरोघर पोचले. तिच्या हावभावांवर ज्येष्ठ लावणी कलावंतांनी आक्षेप घेतला, तिनं जाहीर माफी मागितली. हावभाव आवडले नाहीत असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आम्हालाही ते सगळेच आवडले असं नाही. पण पुढे काय झालं? फेब्रुवारी 2023 मध्ये ती कपडे बदलत असताना कोणीतरी चोरून चित्रण केलं आणि ते पसरवलं. राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षा रूपाली चाकणकर यांनी दखल घेतली, पुण्यात गुन्हा नोंदवला गेला. चोरून चित्रण करणाऱ्याला आणि ते पुढे पाठवणाऱ्या हजारो हातांना शरम वाटायला हवी होती. त्याऐवजी चौकाचौकांत चर्चा झाली ती तिच्या चालचलणुकीची. त्याच वर्षी काहींनी तिनं 'पाटील' हे आडनाव लावू नये अशी मागणी केली. म्हणजे नाच पाहायला मैदान अपुरं पडतं, आणि तिनं आपलं नाव काय लावावं तेही पाहणारेच ठरवणार! बाईला प्रसिद्धी मिळते तेव्हा तिच्या शरीरावर, नावावर, आडनावावर प्रत्येकाचा हक्क सुरू होतो. पुरुष गायकाला हे कधी सोसावं लागलं?

दुसरं उदाहरण शेफाली जरीवालाचं. 1972 च्या 'समाधी' चित्रपटातल्या लताबाईंच्या गाण्याचं 'कांटा लगा' हे नवं रूप 2002 मध्ये आलं, तेव्हा ती इंजिनिअरिंग शिकणारी पोर होती. काही मिनिटांच्या त्या व्हिडिओनं तिला देशभर नाव मिळालं, आणि ते नाव तिचं स्वतःचं नव्हतं. आपल्याला वयाच्या पंधराव्या वर्षापासून अपस्माराचे झटके येत, त्यामुळे पुढे फारसं काम करता आलं नाही, हे तिनं नंतर स्वतः सांगितलं. ज्यांनी ते गाणं वरातीत हजार वेळा वाजवलं त्यांच्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? 27 जून 2025 ला मुंबईत ती गेली, 42 वर्षांची. मथळ्यांत तेवीस वर्षांपूर्वीच्या गाण्याचंच नाव होतं, आणि घरचे लोक रडत असताना कॅमेरे त्यांच्या तोंडाशी लागले होते.

तिचा व्हिडिओ आला त्याच 2002 च्या जानेवारीत तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर गेल्या. कार्यक्रमाच्या ऐन भरात त्यांना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे आणि आपण ती कौतुकानं सांगतो. आम्हाला ती ऐकताना पोटात तुटतं. समोर बसलेल्या माणसांनी त्या रात्री घरी का जाऊ नये? राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळवलेल्या या बाईचे अखेरचे दिवस हलाखीत गेले.

आणि बंदीचं म्हणाल, तर तोही प्रयोग झाला आहे. 2005 मध्ये सरकारनं डान्स बार बंद केले, तारांकित हॉटेलांना मात्र सूट ठेवली. हा भेदभाव 2006 मध्ये उच्च न्यायालयाला मान्य झाला नाही आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोच निकाल कायम केला. मधल्या काळात नाचणाऱ्या बायांची रोजी गेली. नोटा उधळणाऱ्यांचं काहीच गेलं नाही. म्हणून आम्ही बाईला मंचावरून उतरवा अशी मागणी करत नाही. ज्याला ती करायची असेल त्यानं आमचं पत्रक वापरू नये.

शृंगाराशीही आमचं वैर नाही. सुलोचनाबाई चव्हाण डोक्यावर पदर घेऊन, जागचं न हलता लावणी गात आणि त्या आवाजात सगळा शृंगार असे. लावण्या बहुतेक पुरुषांनी लिहिल्या हे आम्हाला ठाऊक आहे. तरी लावणीत बोलते ती बाई. ती मागते, रुसते, टोमणा मारते, दाराबाहेर उभं करते. आपल्या विदर्भातल्या पोरी भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडतात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, खाऊ ओळखायला लावतात. त्या गाण्यांत सासू आहे, माहेरची ओढ आहे, नवऱ्याची थट्टा आहे, आणि बोलणारी पोरगीच आहे. आता त्याच दिवसांत शेजारच्या मंडपातून जे वाजतं त्यात तिच्याबद्दल बोलतात, तिच्याशी कोणी बोलत नाही. तिच्या तोंडचं गाणं काढून घेतलं आणि तिच्या अंगाचं गाणं केलं. आमचा राग यावर आहे.

जिल्ह्यातल्या एका शाळेच्या संमेलनात आम्ही स्वतः पाहिलं. आठ-नऊ वर्षांच्या मुली, ओठ रंगवलेले, आयटम साँगवर कंबर हलवत होत्या. पालक मोबाईल उंच धरून चित्रण करत होते, दुसऱ्या दिवशी ते स्टेटसला लागलं. त्या मुलींनी गाणं निवडलं नव्हतं. मोठ्यांनी निवडलं, मोठ्यांनी बसवलं, मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. याच मुली पंधरा वर्षांच्या झाल्या की आर्वी, पुलगाव, समुद्रपूर कुठल्याही गल्लीत मोबाईलसमोर उभ्या राहून रील करतात, कारण टाळ्या कशाला पडतात ते आपणच त्यांना शिकवलं. मग खाली गावातल्याच पोरांच्या घाणेरड्या कॉमेंट येतात, आणि घरात मार कोणाला? पोरीलाच. मोबाईल काढून घेतला जातो, कॉलेज बंद होतं, घाईनं स्थळ शोधलं जातं. कॉमेंट करणाऱ्याच्या घरी कोणी जात नाही.

पवनारचा आश्रम आपल्यापासून दूर नाही. तिथं विनोबांनी 1959 मध्ये ब्रह्मविद्या मंदिर उभं केलं, बायकांनी स्वतः चालवलेलं. पुढच्याच वर्षी, 1960 मध्ये, इंदूरला मुक्काम असताना त्यांनी रस्त्यांवरच्या अशोभनीय पोस्टरांविरुद्ध मोहीम उघडली. शब्द पाहा, अशोभनीय. अश्लील काय ते कोर्ट ठरवेल. चौकात काय शोभतं ते चौकात राहणारी माणसं ठरवू शकतात. सिनेमा पाहायचा तर तिकीट काढावं लागतं. चौकातल्या भिंतीवरून नजर वळवली तरी चित्र दिसतंच, आणि डीजेला तर कानही झाकता येत नाहीत. तुमच्या मोबाईलवर तुम्ही काय पाहता ते आम्ही विचारायला आलो नाही. देवीच्या मंडपात, वर्गणीच्या पैशातून, रस्त्यावरच्या सगळ्यांना जे ऐकवता त्याबद्दल विचारायला आलो आहोत. त्या वर्गणीत आमचेही पैसे आहेत.

मंडळांनो, डीजेवाल्याशी किंवा धुमाल पार्टीशी बोलणी करताना पैशाआधी गाण्यांची यादी मागा. ठेका हवा तेवढा घ्या, नाचा, आम्हीही नाचू. धुमालवर पाय न थिरकणारा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही. यादी ठरवताना मंडळातल्या बायकांना बसवा, फक्त आरतीच्या ताटापुरतं बोलावू नका. शाळांनो, लेकरांना गाणं देण्याआधी त्याचे शब्द वाचा. आयांनो, पोरीच्या कॉमेंट वाचून तिला मारू नका, ज्यानं लिहिलं त्याच्या आईकडे जा, आम्ही सोबत येऊ. कोणी मागे लागत असेल तर 112 किंवा 181 ला फोन करा, थांबू नका. आणि पोरांनो, नाचणाऱ्या बाईवर मोबाईल रोखण्याआधी तिला विचारलं का ते आठवा. कोणाचं चोरलेलं चित्रण आलं तर ते तुमच्यापाशी मेलं पाहिजे. असं चित्रण करणाऱ्याला आणि पसरवणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम 77 खाली शिक्षा आहे.

घटस्थापनेला अजून दिवस आहेत. गाण्यांची यादी आजच मागवा. संध्याकाळी घरी बसून ते शब्द चाल न लावता, मोठ्यानं वाचा, आणि वाचताना आपल्या लेकीला समोर बसवा. जे तिच्यासमोर वाचवलं नाही, ते खोडा.

वर्धा जिल्ह्यातल्या काही आया, शिक्षिका आणि कॉलेजच्या मुली

(वाचून झाल्यावर हे पत्रक टाकून देऊ नका, शेजारच्या मंडळाला द्या.)