गाण्यांना वारस हवा

खानदेशातील असोदे गावच्या महाजनांच्या घरी १८८० साली जन्मलेल्या, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी कुटुंबात सून म्हणून आलेल्या आणि ऐन तिशीत वैधव्य कोसळल्यावर शेत, घर व मुले यांचा भार शिरावर घेतलेल्या बहिणाबाईंनी ३ डिसेंबर १९५१ रोजी इहलोकीचा निरोप घेतला, तेव्हा त्यांच्या नावावर एकही छापील पुस्तक नव्हते. एकाहत्तर वर्षांच्या त्या आयुष्याची सरकारी दप्तरात काही नोंद असलीच, तर ती जमिनीच्या आणि वारसांच्या कागदांत असणार. त्या आयुष्याने निर्माण केलेल्या काव्याची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती.

बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, परंतु अक्षराचा अभाव म्हणजे प्रतिभेचा अभाव नव्हे. पहाटे घरोट्यावर बसावे, एका हाताने खुंटा फिरवीत दुसऱ्या हाताने त्या जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे सोडावेत आणि त्या फेऱ्याच्या लयीत ओवी आपसूक जुळत जावी, असा हा व्यवहार होता. पेरणी, कापणी आणि उपणणी, सुगरण पक्ष्याचे घरटे, चंचल मन, चुलीपाशी पोळणारे हात, हेच त्यांच्या कवितेचे विषय झाले. कारण त्यांच्या कष्टांपासून त्यांचे चिंतन कधी वेगळे नव्हतेच. शेतात राबणाऱ्या स्त्रीला निर्मितीसाठी निराळा अवकाश लाभत नाही. ती राबता राबताच निर्मिती करते, आणि म्हणूनच ती निर्मिती आहे हे भोवतालच्यांच्या ध्यानात येत नाही.

बहिणाबाईंच्या बाबतीत ते ध्यानात आले. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी होते. त्यांनी व घरातील आप्तांनी आईच्या तोंडची गाणी वेळोवेळी कागदावर उतरवली. आईच्या निधनानंतर त्या गाण्यांची वही आचार्य अत्रे यांच्यापुढे आली, अत्र्यांनी तिचे मोल तत्काळ ओळखले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. पुढे ‘मानिनी’ चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला, जी शाळेची पायरी चढली नव्हती त्या कवयित्रीचे नाव देण्यात आले. या यशाचा गौरव करताना आपण एक गोष्ट विसरतो, ती ही की वही लिहिणारा पुत्र त्या घरी नसता, तर हे सर्व काव्य त्याच डिसेंबरात चितेबरोबर भस्म झाले असते. ज्या घरांत असा पुत्र नव्हता, त्या घरांतील किती कवयित्री आपण गमावल्या असतील, याचा हिशेब कोणालाही मांडता येणार नाही.

हा प्रश्न ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशांना अधिक जवळून भिडला पाहिजे. उल्हास नदीच्या आणि खाडीच्या काठी भातखाचरे व मिठागरे कसलेल्या आगरी समाजात विवाहविधी पार पाडण्याचा मान परंपरेने धवलारणीचा आहे. मांडव पडल्यापासून हळद, देवक आणि लग्न अशा एकेका विधीला तिचा धवला, म्हणजे विधीचे गाणे, लागतो. तिने ओळ उचलावी, शेजारी बसलेल्या बायांनी ती झेलावी, आणि देवदेवता, वाडवडील, वधूवरांची घरे यांना शब्दांत पाचारण करीत विधी पुढे सरकावा. शेतकरी घरातील ही बाई एकाच वेळी पुरोहित आहे, गायिका आहे आणि स्मृतीची राखणदार आहे. ही विद्या तिला पाठशाळेत मिळत नाही. सासू, आत्या, मावशी यांच्यामागे बसून, वर्षानुवर्षे ऐकून ती कंठस्थ होते, आणि म्हणूनच या स्त्रीचे दीर्घायुष्य ही साऱ्या समाजाची पुंजी असते.

आज त्या खाचरांवर इमारती उभ्या आहेत. जमिनीचा मोबदला ठरला, सातबाऱ्यावर फेरफार झाले, वारसांची नावे चढली. परंतु हळदीच्या मांडवात ध्वनिवर्धकाच्या भिंतींनी धवल्याची जागा घेतली, तेव्हा त्या गाण्यांना वारस कोण, हे कोणी विचारले नाही.

कोणी म्हणतील, ही विधीची ठरीव गाणी. त्यांत व्यक्तीची प्रतिभा ती कोणती? हा आक्षेप मला मान्य नाही. ओवीचा साचा बहिणाबाईंनाही परंपरेनेच दिला होता. परंपरेत व्यक्तीने काय घातले, हे दहा जणींची गाणी शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज कळत नाही, आणि ठेवायला ती आधी टिपलेली असावी लागतात. हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ या संशोधकांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या गाणाऱ्या बायांची नावे व गावे त्यांच्याशी जोडून ठेवली; ही त्या कार्याची थोरवी. याउलट, २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडणाऱ्या डहाणूच्या परिसरात लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणाऱ्या वारली सवाशिणींची कला जगभर गेली, पण त्या पिढ्यांतील स्त्रियांची नावे मागेच राहिली. ती चूक धवलारणीच्या बाबतीत पुन्हा होऊ नये.

साधनांची उणीव आपल्याकडे नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे. २०१७ साली डोंबिवलीत भरलेल्या नव्वदाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद तर आगरी यूथ फोरम या संस्थेनेच भूषविले होते. या संस्थांनी आणि येथील महाविद्यालयांनी मिळून प्रत्येक गावातील वृद्ध धवलारणीचा संपूर्ण धवला, तिच्या आवाजात, विधीच्या क्रमाने, तिच्या संमतीने आणि तिच्या नावगावासह ध्वनिमुद्रित करून जतन करावा, आणि त्या श्रमाचे मानधन तिला द्यावे. आणि वाचकहो, संस्था हलतील तेव्हा हलोत. आपल्या घरात आजी, आत्या गाणारी असेल, तर येत्या रविवारी तिच्यापाशी बसा, मोबाईलचे ध्वनिमुद्रण सुरू करा आणि सर्वप्रथम तिला तिचे नाव सांगायला लावा.