पाण्याचा सातबारा

देशाची कोठारं भरलीत म्हणे. मग माझी माय अजून रेशनच्या रांगेत का? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य दिलं. ते हक्काचं, सोडायचं नाय. पण तेवढ्यावर आमचं तोंड बंद करता व्हय?

कराडजवळ टेंभूला कृष्णा पंपांनी उचलतात, खानापूर-आटपाडीला नेतात. यंत्र भारी! पण पाणी जातं जमिनीमागं, आणि जमीन कुणाची, हे गावकुसाबाहेरच्याला सांगायला नको. पाणी आलं की ऊस येतो, ज्वारी हटते. मी सूतगिरणीत रातपाळी करतो. आमच्या नावावर सातबाराच नाय, मग पाणी कसलं?

याच सांगलीत येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, १९८९ ला पुरं केलं. १९८२ च्या संपात मुंबईहून परतलेले गिरणीकामगार त्या चळवळीत होते. त्यांनी ठरवलं : भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाय.

एका धरणावर जमतं, तर टेंभूवर का नाय?

१९२७ ला बाबासाहेबांनी महाडला ओंजळ भरली. ते प्यायचं पाणी होतं. शेताचं पाणी अजून बाकी हाय.