पिंपावरील चिठ्ठी आणि पिंपातील द्रव

मनीषनगरातील एखाद्या घराच्या फडताळात चेहऱ्याचे क्रीम असते, शाम्पू असतो आणि औषधांच्या डब्यात मुलांच्या खोकल्याची बाटली. यांपैकी अनेकांत एकच द्रव असतो, प्रोपिलीन ग्लायकॉल. रंग नाही, वास नाही, चव किंचित गोड. त्वचेवर तो ओलावा धरून ठेवतो. पाण्यात सहज न विरघळणारे पॅरासिटामॉल सिरपमध्ये विरघळवून ठेवतो. औषधी प्रतीचा आणि योग्य मात्रेत असेल, तर त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही.

परंतु त्याचा एक तसाच नितळ, तसाच गोड भाईबंद आहे, डायएथिलीन ग्लायकॉल. त्याची जागा ब्रेक ऑइलमध्ये आणि रंग-रेझिनच्या कारखान्यात. तो पोटात गेला की मूत्रपिंडे निकामी होतात, लघवी बंद होते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये छिंदवाडा परिसरातील बालके याच अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. त्या प्रकरणात वीसहून अधिक बालके दगावली. तामिळनाडूत तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’च्या नमुन्यात या विषाचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले, मर्यादा ०.१ टक्का. जवळजवळ अर्धी बाटली विषाची! याला भेसळ हा शब्दही सौम्यच.

महाराष्ट्राला तर हा धडा १९८६ सालीच मिळाला होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रवाने दूषित झालेले ग्लिसरीन दिले गेले आणि १४ रुग्ण प्राणास मुकले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतची सारी साखळी उघडी पाडली. म्हणजे अज्ञानाची सबब तेव्हापासूनच संपली.

कच्च्या मालाची प्रत्येक खेप तपासूनच वापरावी, असा नियम आहे. तरीही अनेक कारखाने ती तपासत नाहीत, हे केंद्रीय औषध नियंत्रकांनीच ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना कळविले. पिंपावरील चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा आणि झाकण उघडायचे, अशी ही रीत. त्याहून बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. २०२२ मध्ये गॅम्बियातील बालमृत्यूंचा संबंध भारतीय सिरपशी जोडला गेल्यावर, १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपला सरकारी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. परदेशी ग्राहकासाठी ही खबरदारी आणि छिंदवाड्याच्या बाळासाठी मात्र निर्मात्याचा शब्द पुरेसा!

ही विषमता प्रथम मिटली पाहिजे. देशांतर्गत विक्रीच्या सिरपलाही तीच अट लागू व्हावी. आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाने कारखान्यात पाऊल ठेवताच पहिला कागद मागावा तो प्रत्येक पिंपाच्या तपासणीचा.